हिरा घासला तर उरतो किती?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारची झाकपाक झाल्यावर सासूबाईंनी मला हाक मारली आणि कपाटातली पितळेची डबी माझ्यापुढे उघडली. आत कापसात त्यांच्या हिऱ्यांच्या कुड्या होत्या. एकेका कुडीत सात हिरे, दोन्ही मिळून चौदा. त्यांच्या आईनं लग्नात घातलेल्या.

"एक ताईला, एक तुला," त्या म्हणाल्या. "मोडून दोघी अंगठ्या करून घ्या. माझ्यामागे वाद नको."

वन्सं दिवाळीला आल्याच होत्या. आम्ही तिघी गावातल्या एका पेढीवर गेलो. तिथल्या गृहस्थांनी डोळ्याला भिंग लावून कुड्या पाहिल्या आणि मान हलवली. "जुना कट आहे, चमक नाही. सगळे हिरे काढून नव्यानं पैलू पाडून देतो. आताच्या हिऱ्यांसारखे लखलखतील." वन्संना ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, "घासल्यावर उरेल किती?"

"थोडं जाईल, आजी," ते हसून म्हणाले. थोडं म्हणजे किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंनी डबी पुन्हा पिशवीत टाकली आणि आम्ही घरी आलो. वन्सं वाटभर बोलल्या नाहीत.

मी अर्धा दिवस शाळेत शिकवते. त्यामुळे प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडत नाही. चार दिवस वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत बसले, आणि उत्तर सापडलं ते एका निळ्या हिऱ्याच्या गोष्टीत.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगातले बहुतेक हिरे आपल्याच देशातून जात. गोवळकोंड्याच्या राज्यात कृष्णेच्या काठी कोळूरची खाण होती. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आपल्याकडे अनेकदा आला. त्यानं लिहून ठेवलं आहे, की इथले कारागीर स्वच्छ हिऱ्याला चाकावर नुसता फिरवून घेतात, त्याचा आकार बदलत नाहीत, कारण वजन कमी होण्याची त्यांना भीती वाटते. डाग असला तरच तो झाकायला लहान लहान पैलू पाडतात.

या ताव्हेर्निएनं एक मोठा निळा हिरा इथून नेला. तो बहुधा कोळूरचाच असावा. आजच्या मापानं त्याचं वजन 115 कॅरट होतं. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, तेव्हा हिशेब केला तर जवळजवळ दोन तोळे! 1668 साली त्यानं तो फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाला विकला. राजाला वजनापेक्षा झळाळी हवी होती. दरबारचा जवाहिऱ्या पितो याच्याकडं काम आलं आणि 1673 साली हिरा तयार झाला. सुंदर झाला, पण उरला 69 कॅरट.

पुढं राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1792 साली, तो चोरीला गेला. वीस वर्षांनी लंडनमध्ये एका व्यापाऱ्याजवळ असाच निळा हिरा दिसला, पण वजन साडेपंचेचाळीस कॅरट. चोरीचा माल ओळखू येऊ नये म्हणून त्याला पुन्हा घासलं, असं मानतात. दोन्ही हिरे एकच होते याची खात्री पटायला 2007 साल उजाडावं लागलं. पॅरिसच्या एका संग्रहालयात लुईच्या हिऱ्याची शिशाची प्रतिकृती सापडली आणि माप जुळलं. हाच तो प्रसिद्ध 'होप' हिरा. दोन तोळ्यांचा खडा, आता एक तोळाही भरत नाही.

मग पैलू पाडायचेच कशाला? तर उजेडासाठी. हिरा स्वतः उजेड देत नाही, आत आलेला उजेड परतवतो. खालचा भाग फार उथळ असला तर उजेड बुडातून निसटतो, फार खोल असला तर बाजूनं निसटतो. बेताचा उतार असेल तरच तो उलटून वर येतो आणि आपल्या डोळ्यांत चमकतो. पूर्वी कारागीर हा उतार नजरेनं ठरवत. अँटवर्पच्या हिरेवाल्या घराण्यातल्या मार्सेल टोलकोव्स्की या तरुण इंजिनिअरनं 1919 साली गणित मांडून कोनच सांगितले: वरचा उतार साडेचौतीस अंशांचा, खालचा पावणेएकेचाळीस अंशांचा. आज दुकानात दिसणारा 57 पैलूंचा गोल हिरा थोड्याफार फरकानं या हिशेबाचा. मात्र तो आकार साधताना कच्च्या खड्यातला निम्म्याहून अधिक भाग सहज जातो. हिऱ्यापेक्षा कठीण काही नाही, म्हणून हिरा घासायला तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड चाकावर लावतात. आता सुरतेत, जिथं जगातले बहुतेक हिरे घासले जातात, कॉम्प्युटर आधी खड्याचा आराखडा काढतो आणि लेसरनं तो कापतात. पण शेवटची झळाळी अजून चाकावरच येते.

त्या निळ्या हिऱ्याची पुढची हकिगत तर आपल्या ओळखीची वाटेल. पॅरिसमध्ये 1847 साली सुरू झालेल्या कार्तिए या पेढीनं तो विकायला घेतला. तिसऱ्या पिढीतल्या पिएर कार्तिएनं 1910 साली तो मॅक्लीन नावाच्या श्रीमंत अमेरिकन बाईंना दाखवला. बाईंना कोंदण आवडलं नाही. यानं काय करावं? हिऱ्याला हात न लावता नुसतं कोंदण बदललं आणि अमेरिकेला जाऊन दागिना शनिवार-रविवार त्यांच्याच घरी ठेवला. "राहू द्या वहिनी, बघा दोन दिवस," म्हणून गाठोडं ठेवून जाणारा साडीवाला आठवला ना? 1911 साली सौदा झाला. शेवटी न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं 1949 साली तो विकत घेतला आणि 1958 साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकला. पाठवला कसा? तपकिरी कागदात गुंडाळून, रजिस्टर्ड पोस्टानं! आजही तो तिथंच आहे.

हे सगळं वाचलं आणि मला सासूबाईंच्या प्रश्नाचं मोल कळलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे खरं, पण प्रत्येक घावाबरोबर थोडा दगडही जातो. लुईनं शंभरातले चाळीस कॅरट घालवले, पण जाणूनबुजून घालवले. आम्ही मात्र 'थोडं' या एका शब्दावर चौदा हिरे देऊन आलो असतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वीस वर्षं सुरतेत घंटीवर होते. घासायच्या चाकाला तिकडं घंटी म्हणतात. त्यांना घरी बोलावलं. सासूबाई, वन्सं आणि मी समोर बसलो. त्यांनी खिडकीशी जाऊन भिंगातून कुड्या बराच वेळ उलटसुलट पाहिल्या.

"बाई," ते म्हणाले, "हे हिरे नुसते जुने नाहीत, तेलकट झालेत."

हिऱ्याला तेल फार धरतं. केसांचं खोबरेल, चेहऱ्याचं क्रीम, स्वयंपाकघरातला ओशटपणा सगळा मागच्या बाजूला बसतो आणि उजेडाची वाटच बंद होते. त्यांनी हिशेबही सांगितला. एकेक हिरा जेमतेम दहाबारा सेंटचा, म्हणजे कॅरटचा दहावा हिस्सा. नव्या पैलूंत प्रत्येकी दोनतीन सेंट जातील. "चौदांत मिळून पस्तीसएक सेंट. म्हणजे तीन हिरे गेले समजा. मजुरी वेगळी, आणि काढताना एखाद्याचा टवका उडाला तर तोही तुमचाच."

कोंदण मागून उघडं आहे याची त्यांनी खात्री करून घेतली. मग मी वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यात धुलाईची पूड नव्हे, साधा सौम्य साबण कालवला, कुड्या अर्धा तास बुडवून ठेवल्या आणि मऊ ब्रशानं मागून-पुढून हलक्या हातानं घासल्या. स्वच्छ पाण्यात खळबळून मऊ फडक्यानं टिपल्या. सासूबाईंनी त्या कानांत घातल्या आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. कोणी काही बोललं नाही.

मैत्रिणींनो, या निमित्तानं चार गोष्टी सांगते. जुन्या कुड्यांचं किंवा नथीचं कोंदण मागून बंद असेल तर ती पाण्यात बुडवू नका. आत चमकीचा पत्रा लावलेला असतो, तो पाण्यानं काळा पडतो. अशा दागिन्याला ओलसर फडकंच पुरे. मोत्यांचा दागिनाही भिजवू नये. हिरे आणि मोती एका डबीत ठेवू नका, हिऱ्यानं मोत्याला ओरखडे पडतात. धुताना मोरीचं भोक आधी बंद करा, बरं का!

दागिना मोडायला किंवा दुरुस्तीला देताना हिरे मोजून, फोटो काढून, समोर वजन करून पावती घ्या. पैलू बदलायचे असतील तर आधीचं वजन, नंतरचं अंदाजे वजन आणि मजुरी लिहून मागा. लिहून द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडं काम देऊ नका. नवा हिरा घेताना वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू या चारही गोष्टी प्रमाणपत्रावर आहेत ना ते पाहा. तो खाणीतला की प्रयोगशाळेतला, हेही बिलावर हवं. प्रयोगशाळेत हिरा करण्याची किमया 1954 साली अमेरिकेत साधली. तो खोटा नव्हे, हिराच असतो. पण तो बराच स्वस्त मिळतो, तेव्हा खाणीतल्या हिऱ्याच्या भावानं घेऊ नका.

आता आमच्या कुड्यांचं काय झालं? वन्सं आधी जरा फुरंगटल्या. "वहिनी, तुम्हांला अंगठी करायचीच नव्हती," असंही म्हणाल्या. मला ते लागलं. कारण खरं सांगायचं तर अंगठीचा नमुना मी मनात ठरवूनसुद्धा ठेवला होता. पण पाडव्याला सासूबाईंनी त्या कुड्या स्वतःच्या हातानं वन्संच्या कानांत घातल्या आणि म्हणाल्या, "मोडू नका. वर्षभर हिच्याकडं, वर्षभर तुझ्याकडं."

यंदाच्या पाडव्याला माझी पाळी. वन्संचा परवा फोन आला होता. कुड्या कोमट पाण्यात किती वेळ ठेवायच्या, ते विचारत होत्या.