देवमाणसाचीही तपासणी हवी

"आमचे डॉक्टर देवमाणूस, त्यांची कसली तपासणी?" म्हसळ्यासारख्या लहान गावांतून हे वाक्य हमखास कानी पडते. आम्हांला ते मान्य नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने 'ब' प्रकारची कावीळ पसरली व कित्येकांचे बळी गेले. तेथील रुग्णही विश्वासानेच दवाखान्यात गेले होते.

महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. परंतु खाटा नसलेला साधा दवाखाना त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. केंद्राचा २०१० चा व्यापक कायदा राज्याने अद्याप स्वीकारलेला नाही. म्हणजे गरीब माणूस प्रथम ज्या दाराशी जातो, तेथेच दर्जाची नियमित पाहणी नाही!

सचोटीच्या डॉक्टरला तपासणीचे भय नसते. उलट तीच त्याला भोंदूपासून वेगळे काढते. शासनाने ती सुरू करावी. तोवर आपण निदान नोंदणी क्रमांक विचारावा, सुई नव्या वेष्टनातून निघते का ते पाहावे. विचारणे म्हणजे अपमान नव्हे.