पल्ल्याची किंमत

हैदराबादच्या कांचनबागेत विकसित झालेल्या क्षेपणास्त्राची चाचणी झाली की बातमीत पहिला आकडा येतो तो पल्ल्याचा. अभिमान रास्तच आहे. पण पल्ल्यापायी बाकी सारं पणाला लावणाऱ्या एका नौदलाचं काय झालं, हे या शहराने तरी नीट वाचायला हवं. जपानी नौदलाने मित्सुबिशीकडे समुद्रावर फार दूरवर मारा करणारं बॉम्बफेकी विमान मागितलं. किरो होंजो यांनी चार इंजिनं सुचवली, नौदल दोनावरच अडून बसलं. मग वजन वाचवलं ते माणसांच्या जिवावर: पंखांत इंधनच इंधन, पण गोळीचं भोक आपोआप बुजवणारं रबरी अस्तर टाक्यांना नाही आणि आतल्या सात जणांना चिलखतही नाही. हेच ते जी-४-एम.

कुणी म्हणेल, त्या पल्ल्यानेच तर विजय मिळवून दिला. खरं आहे. १० डिसेंबर १९४१ रोजी या विमानांनी, जुन्या जी-३-एमच्या जोडीने, मलायाजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. ८४० खलाशी गेले. पण त्या युद्धनौकांवर लढाऊ विमानांचं छत्रच नव्हतं. जिथे ते होतं, तिथे काय झालं? २० फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकी विमानवाहू नौका ‘लेक्सिंग्टन’वर चालून गेलेल्या १७ जी-४-एमपैकी १५ परतली नाहीत. जेमतेम दहा आठवड्यांचं अंतर! पुढे निजामाच्या देणगीमुळे ‘हैदराबाद’ हे नाव लावणारी ब्रिटिश १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली, ती स्पिटफायरवर. त्या विमानाचा पल्ला तोकडा, पण वैमानिकाच्या पाठीशी पोलादी पत्रा होता.

क्षेपणास्त्रात माणूसच नसतो, मग हा धडा इथे कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण याच हैदराबादेत अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे बनतात, सी-२९५ मालवाहू विमानाचे भाग बनतात, आणि त्यांत माणसं बसतात. त्यांच्या किमतीची, वेगाची, पल्ल्याची चर्चा होते, तशीच टाकीला गोळी लागली तर आतल्यांचं काय, याचीही जाहीर चर्चा व्हायला हवी, आणि तीही कागदावर आराखडा असतानाच. जपानने चिलखत आणि सुरक्षित टाक्या असलेली सुधारित आवृत्ती आणली, पण ती १९४४ मध्ये. सुमारे २,४०० विमानांपैकी तशी जेमतेम साठ बनली. तोवर अनुभवी वैमानिक उरले होतेच किती?