एक दुधी वेलावरच राहू द्या

आपल्या शाळेतल्या बहुतेक मुलांच्या घरामागे थोडीफार परसबाग आहे. मोरीच्या पाण्यावर अळू, एखादी पपई, शेवगा. पावसाळ्यात कुडावर दुधी, दोडका नि वाल. ताजी भाजी मिळते, पैसे वाचतात, सांडपाणी वाया जात नाही, हे आपण पुस्तकात वाचले आहे आणि ते खरेच आहे. पण या भाजीचे बी कुठून येते? माझे मत असे आहे, की परसबागेचे बी घरचेच पाहिजे.

माझी आजी मृगाच्या आधी शिंक्यातले गाडगे खाली काढते. त्यात चिंध्यांच्या पुरचुंड्या असतात. एकीत वाल, एकीत दोडका, एकीत लाल भोपळा, सगळे राखेत घोळलेले. शेजारच्या बाया येतात, "मामी, चार बिया द्या की" म्हणतात. पैसे कुणी घेत नाही. पुढच्या साली बियाला बीच परत द्यायचे. हल्ली मात्र अशा बाया कमी झाल्यात. लोक बाजारातून पुडी आणतात.

मोठी माणसे म्हणतात, "पुडीच्या बियाला माल जास्त लागतो." लागत असेल. रानात विकायला माल करायचा तर ते ठीक आहे. पण पुष्कळ पुड्यांवर 'संकरित' असे लिहिलेले असते. ते बी दोन वेगळ्या वाणांपासून तयार करतात. त्याच्या फळातले बी आपण पुन्हा पेरले तर एक झाड असे, तर दुसरे तसे येते. म्हणून दरसाल नवी पुडी. घरी एकदम टोपलीभर वांगी कशाला पाहिजेत? रोज चार मिळाली तरी कालवण होते.

आणि वाण एकदा गेला की गेला. आजीकडे पांढऱ्या काकडीचे बी होते. एका साली पाऊस लांबला, वेल जळून गेले आणि गाडग्यात बी उरले नव्हते. गावात विचारले, कुणाकडेच नव्हते. आजी त्या काकडीची चव अजून सांगते. मी ती खाल्लेलीच नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बियाणे गोळा केले, घरी बियाण्यांची बँक केली. वालाचेच कितीतरी प्रकार त्यांनी राखले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

बी धरणे अवघड नाही. निरोगी वेलावरचे चांगले फळ निवडा आणि खूण म्हणून चिंधी बांधा. दुधी वाळून आत बिया खुळखुळेपर्यंत तोडू नका. वांगे पिवळे पडू द्या. ओले बी धुऊन सावलीत वाळवा आणि राख लावून कोरड्या जागी ठेवा. दुधी कडू लागला तर त्याचे बी धरू नका आणि तो खाऊही नका, कडू दुधीने विषबाधा होते. भोपळ्याचे दोन वाण जवळजवळ लावले तर मधमाश्या एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात नि बी मिसळते. वालाचे सहसा तसे होत नाही, म्हणून नवख्याने वालापासून सुरुवात करावी.

मित्रमैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येकाने घरच्या बियाची एक पुरचुंडी आणावी. गाडगे आमच्या वर्गातल्या कपाटावर ठेवायला गुरुजी हो म्हणाले आहेत. ज्याच्याकडे नसेल त्याने त्यातून न्यावे आणि पुढच्या साली दुप्पट आणून टाकावे.

आणि हे वाचायला थांबलेल्या आयांना नि बापांना विनंती, यंदा एक दुधी वेलावरच राहू द्या. एक दिवस भाजीऐवजी पिठलं खाऊ. आमची काही तक्रार नाही!

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी