संगणकाच्या पडद्यावरील रंग कशाने मोजावेत?

शाळेतील दोन संगणक शेजारी ठेवून त्यांवर राष्ट्रध्वजाचे एकच चित्र उघडून पाहा. एकावरचा केशरी लालसर, तर दुसऱ्यावरचा पिवळसर दिसण्याचा संभव आहे. चित्रातील आकडे दोन्हीकडे तेच असतात; पण त्यांचे प्रकाशात रूपांतर प्रत्येक पडदा आपापल्या परीने करतो. मग खरा केशरी कोणता?

हा निवाडा डोळ्यांवर सोपवता येत नाही. कागद उन्हात पांढरा दिसतो आणि पिवळ्या दिव्याखालीही पांढराच वाटतो; कारण डोळा भोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेतो. व्यवहारात हा गुण मोलाचा, मोजमापात मात्र तो अडचणीचा! म्हणूनच १९३१ साली प्रदीपनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने रंग आकड्यांत सांगण्याची पद्धत ठरवली. आपल्या राष्ट्रध्वजाच्या भारतीय मानकातही रंग याच पद्धतीने दिले आहेत.

पडद्याचे रंग मोजून सुधारण्यासाठी दोन प्रकारची उपकरणे मिळतात. कलरीमीटरमध्ये, म्हणजे वर्णमापकात, रंगीत गाळण्यांमागे प्रकाशसंवेदक बसवलेले असतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाचा वर्णपट पसरवून निरनिराळ्या तरंगलांबींची तीव्रता मोजतो. दुसरे उपकरण बरेच महाग. म्हणून तेच घ्यावे, असे पुष्कळांना वाटते. मला हे पटत नाही.

वर्णपट पसरला की प्रत्येक भागाच्या वाट्याला थोडाच प्रकाश येतो. त्यामुळे काळपट छटा मोजताना स्पेक्ट्रोफोटोमीटर अडखळतो. तेथे चांगला कलरीमीटर सरस ठरतो. अर्थात कलरीमीटरच्या गाळण्या मानवी डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. ही चूक किती पडेल, ते पडद्याच्या प्रकाशावर अवलंबून असते. जुन्या पडद्यांमागे प्रतिदीप्ती नळ्या असत. पुढे निळ्या एलईडीवर पिवळ्या स्फुरदीप्त पदार्थाचा थर असलेले दिवे आले. ओएलईडी पडद्याचा तर प्रत्येक बिंदूच स्वयंप्रकाशी. या सर्वांचे वर्णपट वेगवेगळे. तेव्हा विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी विचारा, 'आमच्या जातीच्या पडद्यासाठी लागणाऱ्या दुरुस्त्या या उपकरणाच्या आज्ञावलीत आहेत का?' उत्तर 'नाही' असेल, तर ते स्वस्तातले उपकरणही महागच पडेल. छापलेल्या कागदाचे रंगही मोजायचे असतील, तर मात्र स्पेक्ट्रोफोटोमीटरला पर्याय नाही. छापखान्याने तो घ्यावा. शाळेला कलरीमीटर पुरेसा आहे.

शाळेला तरी तो कशाला, असे कोणी विचारील. आज सामू दाखवणारी रंगपट्टी, ज्योतीची परीक्षा, रंगवलेल्या पेशी हे सारे अनेक मुले प्रथम पडद्यावरच पाहतात. सामू ६ आणि ७ यांच्या छटांतील फरकच पडद्याने पुसला, तर मुलांनी शिकायचे काय? हे काम महिन्यातून एकदा केले तरी चालते. म्हणून चार-पाच शाळांनी मिळून एक उपकरण घ्यावे, असे मी सुचवतो.

मोजण्यापूर्वी पडदा अर्धा तास चालू ठेवा आणि त्यावर बाहेरचा उजेड पडू देऊ नका. पांढऱ्यासाठी ६,५०० केल्व्हिन हे रंग-तापमान निवडा. एक मर्यादाही ध्यानात असू द्या : सोडियमच्या ज्योतीचा ५८९ नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा रंग तीन रंगांच्या मिश्रणावर चालणारा साधा पडदा हुबेहूब दाखवू शकत नाही. तो प्रयोगशाळेतच पाहावा.

शिक्षकांना एकच विनंती. उपकरण आले की ते कपाटात ठेवू नका, विद्यार्थ्यांच्या हाती द्या. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे त्यांनाच वहीत मांडू द्या.