देव नसेना, वार ठरलेला हवा

देवाचं भय गेलं की माणूस दुसऱ्यासाठी बोटही हलवणार नाही, असं ठामपणे सांगणारे आमच्या परळच्या चाळीत आजही आहेत. मी देव मानत नाही आणि मला हे मुळीच पटत नाही. र. धों. कर्वे पक्के नास्तिक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. बाळंतपणांनी पिचलेल्या बायकांसाठी हा माणूस झिजला. त्यात पुण्याचा हिशेब कुठेच नव्हता.

पण आम्हा न मानणाऱ्यांनाही एक गोष्ट ऐकून घ्यावी लागेल. परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर बिहार-बंगालहून आलेली कुटुंबं पथारी टाकून असतात. उशाशी रिपोर्टांची पिशवी, वर निळी ताडपत्री. गुरुवारी साईभक्तांचं मंडळ खिचडीचं पातेलं घेऊन येतं, शुक्रवारी नमाजानंतर काही तरुण केळी वाटतात. पाऊस असो, सण असो, त्यांचा वार चुकत नाही. आमच्यातले एक काका लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते. कुठेही हात न जोडणारे. ते पायरीवर बसून लोकांना मदतनिधीचे अर्ज लिहून देतात. गेल्या पावसाळ्यात ते आजारी पडले आणि अर्ज लिहिणं थांबलं. त्यांच्या जागी बसायला कुणीच नव्हतं.

धर्माचं खरं बळ मला इथे दिसतं. चांगुलपणा प्रत्येकात असतो. तो नेमाने, एकमेकांच्या आधाराने वर्षानुवर्षं करून घेण्याची सोय धर्माने लावून ठेवली आहे. गाडगेबाबांच्या ओठी अखंड गोपाळाचं नाव होतं, पण त्यांनी देवळं नाही, धर्मशाळा बांधल्या. कीर्तनातून लोक जोडले म्हणून हे काम उभं राहिलं. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आजही उतरतात. बाबा १९५६ साली गेले, काम थांबलं नाही.

तेव्हा चांगलं काम करायला धर्म लागत नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. नेम मात्र लागतो, माणसं लागतात. परळ-दादरच्या माझ्या नास्तिक मित्रांनो, वादविवाद पुष्कळ झाले. आठवड्यातला एक वार ठरवा, सोबत आणखी दोघांना घ्या आणि तो चुकवू नका. अर्ज लिहायला आणि डॉक्टरांनी सांगितलेलं हिंदी-बंगालीत समजावून द्यायला तिथे माणसं कमी पडताहेत.