‘रामदास, स.’

संदर्भसूची रचणाऱ्या संगणकीय साधनाला ‘समर्थ रामदास’ हे शब्द सुटे दिले, तर ते शेवटचा शब्द आडनाव समजते आणि आद्याक्षरांच्या शैलीत ‘रामदास, स.’ असा ग्रंथकर्ता सूचीत अवतरतो. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या नारायण सूर्याजीपंत ठोसरांची ही नवी दीक्षा पाहून अभ्यासकांचा एक वर्ग लगेच निष्कर्ष काढतो : परक्या यंत्राला मराठी परंपरा कळत नाही. निष्कर्ष सोयीचा आहे, खरा नाही.

ओरेन पाटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ साली सिद्ध केलेले बिबटेक्स आजही टंकित आज्ञेवर चालते. साध्या मजकुराच्या फाइलीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष नोंदवायचे आणि लेखात केवळ खूणशब्द द्यायचा. सूची यंत्र रचते. नाव महिरपी कंसात बांधले की ते अखंड राहते. देवनागरीची आद्याक्षरे व वर्णक्रम बिबटेक्सला साधत नाहीत, हे मान्य. परंतु पुढे आलेल्या बायबरने युनिकोड स्वीकारून तीही सबब काढून घेतली. अवतरणाच्या खुणेला स्थलनिर्देश जोडता येतो. तेथे पृष्ठाऐवजी दशक, समास, ओवी लिहिण्यास कोणाची मनाई आहे? वीस दशकांच्या, दोनशे समासांच्या दासबोधाला हा पत्ता परंपरेनेच दिला आहे.

रिकामा राहतो तो आवृत्तीचा रकाना, आणि तो यंत्रामुळे नव्हे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगावच्या प्रतीच्या आधारे संहिता छापली. घरातल्या पोथीत शब्दशः तीच असेल असे गृहीत धरता येत नाही. तरीही ‘दासबोधात म्हटले आहे’ एवढ्यावर आमच्या समीक्षेचे भागते. यंत्र निदान ‘वर्ष नाही’ अशी सूचना तरी देते. संपादक तेवढेही करीत नाहीत!

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. डीओआय हा ओळखक्रमांक दिला की अशी अनेक साधने लेखाची संपूर्ण नोंद क्षणात आणून देतात. मराठी नियतकालिकांतील बहुसंख्य लेखांना तो क्रमांक नाही. घाईतला संशोधक जे आपोआप येते तेच घेतो. परिणामी रामदासांवरील इंग्रजी निबंध सूचीत आयता येऊन बसतो आणि मराठीत झालेले मूळ संशोधन, कोणी हाताने नोंदवीपर्यंत, बाहेर राहते. हाताने नोंदवायचे, तर वर्ष, अंक, पृष्ठे छापलेली असावी लागतात. सुट्या काढलेल्या लेखाच्या पानावर किती नियतकालिके ती छापतात?