चित्रांचे वावडे कोणाला?

चित्रांतून सांगितलेली गोष्ट म्हणजे लहान मुलांची करमणूक. मिसरूड फुटल्यावर माणसाने 'खरी' पुस्तके वाचावीत, असा एक समज आपल्या ख्रिस्ती घरांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. मुलाच्या हाती चौकटीचौकटींचे पुस्तक दिसले की वडिलांच्या कपाळाला आठी पडते. धर्मशिक्षणाच्या वर्गातील बाई ते दप्तरात ठेवायला सांगतात. आणि धर्मग्रामाच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडताना अशा पुस्तकाचा विचारही कोणाच्या मनाला शिवत नाही. या समजाला आमचा विरोध आहे. प्रश्न केवळ अभिरुचीचा असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराने गेल्या चाळीस वर्षांत जगातील काही अत्यंत अवघड प्रश्नांना हात घातला आणि ज्यात एका कॅथॉलिक लेखकाने आपल्याच संतांची व त्यांच्या मारेकऱ्यांची कहाणी शेजारीशेजारी ठेवून सांगितली, त्याला दाराबाहेर उभे ठेवून आपण आपल्या तरुणांचे आणि आपल्या श्रद्धेचेही नुकसान करीत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीत या प्रकाराला 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणतात. आपण तिला चित्रकादंबरी म्हणू. चित्रे व शब्द मिळून पूर्ण लांबीचे कथानक सांगणारा हा ग्रंथ असतो. त्यातले चित्र मजकुराची शोभा वाढवण्यासाठी आलेले नसते. ते काढून घेतले तर गोष्टच उरत नाही.

चित्रांचे वावडे कोणालाही असावे, पण ते कॅथॉलिक माणसाला असावे, याचे आम्हांस नवल वाटते. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय शहराच्या सेरेनस नावाच्या बिशपांनी आपल्या चर्चमधील चित्रे व मूर्ती फोडून टाकल्या. लोक त्यांची पूजा करू लागतील, ही त्यांची भीती होती. त्या वेळचे पोप संत ग्रेगरी महान यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली. पूजेला केलेला विरोध योग्य असला, तरी मोडतोड अयोग्य आहे. ज्यांना अक्षरओळख नाही ते भिंतीवरच्या चित्रांतून वाचतात, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे पादुआच्या स्क्रोव्हेनी प्रार्थनामंदिरात जोत्तोने १३०५ च्या सुमारास पवित्र मरियेचे व ख्रिस्ताचे जीवन चौकटीमागून चौकट असे रंगवले. आपल्या प्रत्येक चर्चच्या भिंतीवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने आहेत. दर उपवासकाळात आपण एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चालत जातो आणि गुडघे टेकतो. पिलाताच्या वाड्यापासून कबरेपर्यंतची ती संपूर्ण कथा आपण चौदा चित्रांत वाचत असतो. मग तेच चित्र पुस्तकाच्या पानावर आले की ते पोरकट कसे ठरते?

आपल्या मराठी परंपरेचा दाखलाही विसरता येणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने आपल्या ओळखीचा युरोपीय साचा येथल्या लोकांवर लादला नाही. लोकांना पुराण आवडते, ओवी कानाला गोड लागते, हे त्यांनी ओळखले आणि त्याच रूपात तारणाची कथा गुंफली. लोकांना प्रिय असलेल्या रूपाचा त्यांनी आदर केला. आज आपल्या तरुणांना प्रिय असलेल्या रूपाकडे आपण नाक मुरडतो आणि वर 'तरुण वाचत नाहीत' म्हणून गळा काढतो.

अशा नाक मुरडण्याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेच्या इतिहासात पाहावे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन येथे अशी होळी पेटवणारी मुले एका कॅथॉलिक शाळेचीच होती. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचे कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक गाजले आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. पुढे २०१२ साली कॅरल टिली या संशोधिकेने वर्थम यांचीच कागदपत्रे तपासून दाखवून दिले, की त्यांनी आपल्या पुराव्यांत फेरफार केले होते.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. त्याच अमेरिकेत, त्याच कॅथॉलिक समाजात, १९४६ ते १९७२ या काळात 'ट्रेझर चेस्ट ऑफ फन अँड फॅक्ट' नावाचे कॉमिक कॅथॉलिक शाळांतून वाटले जात होते. १९६४ साली त्यात पेटिग्रू नावाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची क्रमशः कथा आली. वाचकाला त्याचे विचार कळत होते, त्याचा चांगुलपणा दिसत होता; मात्र अखेरपर्यंत त्याचा चेहरा एकाही चित्रात दाखवलेला नव्हता. शेवटी चेहरा दिसला, तेव्हा तो माणूस कृष्णवर्णीय निघाला! आधी माणूस आवडला, मग त्याचा वर्ण कळला. बराक ओबामा निवडून येण्याच्या ४४ वर्षे आधीची ही गोष्ट. ज्या समाजातील एका शाळेच्या मुलांनी होळी पेटवली, त्याच समाजाने हे बीजही पेरले. आपण यांपैकी कोणाचे वारस व्हायचे, एवढाच प्रश्न आहे.

आता वाचकांना ही पुस्तके का आवडतात, ते पाहू. 'सोपी असतात म्हणून' हे उत्तर आम्हांस मान्य नाही. दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत हात उगारलेला असतो, दुसरीत माणूस खाली पडलेला असतो. मधला घाव कोणीही काढलेला नसतो. तो वाचक आपल्या मनात घालतो. १९९३ साली स्कॉट मॅक्लाउड यांनी या कोऱ्या जागेचे विवेचन करणारा ग्रंथच चित्रकथेच्या रूपात लिहिला. पडद्यावरची गोष्ट आपल्या गतीने धावते. येथे वाचक हवे तेथे थांबतो, मागे वळतो, एखाद्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहतो. आपण क्रुसाच्या वाटेवर एका स्थानापासून दुसऱ्या स्थानाकडे चालतो, तेव्हा मधल्या पावलांत जे मनन होते, ते या कोऱ्या जागेपेक्षा फारसे निराळे नाही.

आर्ट स्पीगेलमन यांचे 'माउस' घ्या. पोलंडमधील ज्यू असलेले, औशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले आपले वडील व्लादेक यांची कहाणी त्यांनी १९८६ व १९९१ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरे आणि पोलिश लोक डुकरे. जीव वाचवण्यासाठी पोलिश असल्याचे भासवणारा ज्यू डुकराचा मुखवटा बांधतो आणि त्या मुखवट्याची दोरी आपल्याला दिसते. माणसाला जातीच्या खोक्यात कोंबणे किती खोटे व किती घातक आहे, हे त्या एका दोरीने सांगितले आहे. १९९२ साली या ग्रंथाला विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी राज्यातील मॅकमिन परगण्याच्या शाळामंडळाने काही अपशब्द व एक नग्न चित्र यांचे कारण दाखवून तो आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. लाखोंच्या हत्येपेक्षा अपशब्द ज्यांना अधिक बोचतो, त्यांच्या सोवळेपणाला काय म्हणावे?

परंतु आमच्या वाचकांपुढे आम्ही विशेषेकरून ठेवू इच्छितो, ती जीन लुएन यांग यांची २०१३ साली प्रसिद्ध झालेली 'बॉक्सर्स अँड सेंट्स' ही जोडकादंबरी. यांग हे चिनी वंशाचे अमेरिकन कॅथॉलिक. ते अनेक वर्षे एका कॅथॉलिक शाळेत संगणकशास्त्र शिकवीत होते. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चीनमधील १२० रक्तसाक्ष्यांना संतपद दिले. त्यांत ८७ जण चिनी होते. यांग यांच्या धर्मग्रामातील चिनी भाविकांना आनंद झाला. चीनच्या सरकारने मात्र तीव्र निषेध केला. या संतांपैकी पुष्कळांचा मृत्यू १८९९ ते १९०१ च्या बॉक्सर बंडात झाला होता, आणि चीनमध्ये अनेक जण त्या बंडखोरांना परकीयांविरुद्ध लढलेले देशभक्त मानतात. एकाचे संत, दुसऱ्याच्या लेखी देशद्रोही! या पेचातून ही दोन पुस्तके जन्मली.

पहिल्या पुस्तकात बाओ नावाचा खेड्यातला मुलगा आहे. परदेशी धर्मगुरू गावात येतो आणि लोकांच्या देखत गावच्या भूमिदेवाची मूर्ती फोडतो. बाओला ती मूर्ती सख्ख्या सोबत्यासारखी होती. तेथून त्याच्या मनात पेटलेली आग त्याला बंडात नेते, आणि शेवटी न्यायासाठी निघालेला तो मुलगा बायकामुलांसह चर्चला आग लावण्यापर्यंत जातो. दुसऱ्या पुस्तकात एक मुलगी आहे. ती चौथे अपत्य. चिनी भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे, म्हणून आजोबा तिला नावच देत नाहीत. घरात जिला नाव मिळाले नाही, तिला ख्रिस्ती लोकांत 'विबियाना' हे नाव मिळते. ती पहिल्यांदा तेथे जाते, ती काही श्रद्धेने नव्हे. पण संत जोन ऑफ आर्क तिला दर्शन देऊ लागते, आणि अखेरीस श्रद्धा सोडायला नकार देऊन ती बाओच्या हातून मरण पत्करते. पहिल्या पुस्तकातील देवदेवता भडक रंगांत आहेत. दुसरे पुस्तक मातकट रंगांत असून त्यात जोनची आकृती तेवढी सोन्यासारखी उजळते. दोन्ही पुस्तके मिळूनच गोष्ट पुरी होते. एकच वाचून थांबणाऱ्याला न्याय करता येत नाही.

आम्हांस ठाऊक आहे, की हे ऐकून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. धर्मगुरूने मूर्ती फोडली, हे आपल्या मुलांना का दाखवायचे? आमचे उत्तर असे: ते घडत आले आहे म्हणून. संत ग्रेगरींनी सेरेनस बिशपांना जे बजावले, ते आपल्या अनेक धर्मप्रसारकांनी पाळले नाही. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. त्या अमलात आपल्या पूर्वजांना श्रद्धेचे देणे लाभले आणि त्याच अमलात देवळेही पाडली गेली. 'तुमचा धर्म परका' हा टोमणा ऐकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या दोन्ही गोष्टी कळल्या पाहिजेत. टोमणा मारणाऱ्याच्या मनातील जखम ज्याला समजली, तो आपल्या श्रद्धेबद्दल अधिक शांतपणे व अधिक ठामपणे बोलू शकतो. विबियानाचे मरण बाओची बाजू वाचल्याने लहान होत नाही. उलट आपण शत्रूवर प्रीती करा असे रविवारी ऐकतो, ती प्रीती किती महाग आहे, हे तेथे उमगते.

दुसरा आक्षेप हिंसेचा. या पुस्तकांत रक्त आहे, हे खरे. ती सात वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नयेत; तेरा-चौदाच्या पुढील मुलांना द्यावीत आणि आईवडिलांनी आधी स्वतः वाचावीत. बाजारात येणारी प्रत्येक चित्रकादंबरी चांगली असते, असा आमचा दावा नाही. प्रत्येक कादंबरी तरी कोठे चांगली असते? पण ज्या घरांत रात्री जेवणाच्या ताटावर मालिकांतील कारस्थाने चालतात आणि बोटाच्या एका फटक्यासरशी मोबाईलवर काहीही सरकत जाते, त्या घरांनी पुस्तकातील चित्राला घाबरावे, हा विनोद आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक धर्मग्रामाच्या ग्रंथालयात चित्रकादंबऱ्यांसाठी एक खण मोकळा करावा. 'बॉक्सर्स अँड सेंट्स'चे दोन्ही खंड त्यात एकत्र ठेवावेत, सुटे देऊ नयेत. युवकांच्या मंडळाने वर्षातून एकदा तरी अशा एका पुस्तकावर चर्चा ठेवावी आणि तीत पालकांनीही बसावे.

शेवटची मागणी आपल्या लेखकांकडे व चित्रकारांकडे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानला गेले, जपानी भाषेत पारंगत झाले, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू बनले, मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानात गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. आपण त्यांची मूर्ती बसवली, सण साजरा केला, पण तो माणूस आपल्या मुलांना किती दिसला? वसईचा किनारा, गलबतावरचा प्रवास, परक्या भाषेत पहिल्यांदा अडखळलेली जीभ, आणि त्यांना क्रुसावर चढवणाऱ्या राज्यकर्त्याचीही बाजू: हे सारे काढायला आपल्या गावांत हात नाहीत काय? शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढून ओरडा खाणारी मुले आपल्या प्रत्येक आळीत आहेत. त्यांच्या हातातील पेन्सिल काढून घेण्याऐवजी त्यांना कागद द्या. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज धर्मगुरूने आपल्यासाठी ओवी हाती घेतली. आपल्या मुलांसाठी एवढे तरी आपण करू शकतो.